पत्रकार गॅलरीतून लिहिलेली बातमी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशनकाळातील आपल्या दैनिकातील बातम्या वाचताना, त्या विधानभवनात बसून लिहिल्या आहेत की थेट प्रक्षेपण पाहून, असा प्रश्न हल्ली पडतो. मंत्र्यांचे उत्तर त्यात जसेच्या तसे असते; सभागृह मात्र कुठेच दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी मुंबईत प्रेक्षक गॅलरीत बसण्याचा योग आला होता. मोबाइल खालीच जमा करून वर गेलो, तेव्हा कांद्याच्या भावावरील लक्षवेधी सूचनेला मंत्री उत्तर देत होते आणि बाकांवर बोटांवर मोजण्याइतके सदस्य होते, त्यांतलेही दोघे मागे वळून गप्पांत रमलेले. रात्री तेच उत्तर पडद्यावर पाहिले, तर रिकाम्या बाकांचा मागमूसही नव्हता. गोंधळ झाला की कॅमेरा बहुधा अध्यक्षांच्या आसनावर स्थिरावतो आणि आसनासमोरच्या हौद्यात (मोकळ्या जागेत) कोण उतरले, कोण जागेवरून नुसतेच पाहत राहिले, हे गॅलरीतल्या वार्ताहरालाच सांगता येते.

हे सांगण्याची मुभा सहजासहजी मिळालेली नाही. खासदार फिरोज गांधी यांच्या प्रयत्नांतून १९५६ मध्ये संसदेच्या कामकाजाच्या वार्तांकनाला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणीबाणीत ते काढून घेतले गेले, १९७७ मध्ये परत आले आणि पुढे ४४व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-क आणून राज्य विधिमंडळांच्या खऱ्या वृत्तांतालाही ते लागू केले. (कामकाजातून काढून टाकलेले शब्द मात्र वृत्तपत्राने छापायचे नाहीत, थेट प्रक्षेपणातून ते आधीच घरोघरी पोहोचलेले असले तरी, ही गंमत निराळी.) कोविडकाळात संसदेतील प्रवेशावर मर्यादा आल्या, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीतील पत्रकार त्याविरोधात रस्त्यावर उतरले होते. त्यांची तक्रार दार बंद झाल्याची होती. आपल्याकडे दार उघडे असताना आत जायचा कंटाळा दिसतो.

नाशिक जिल्हा विधानसभेवर १५ आमदार पाठवतो. लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला, कांद्याचा प्रश्न पुकारला गेला तेव्हा त्यांतले किती जण जागेवर होते, हे आपल्या दैनिकातून कळायला हवे. नागपूरच्या आगामी अधिवेशनाला आपला एक वार्ताहर पूर्णवेळ पाठवावा आणि त्याने गॅलरीतून टिपलेले, छोट्या चौकटीत का होईना, रोज छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पंचवटी, नाशिक