नवे तुरुंग बांधून गर्दी हटेल का? मित्रास पत्र

प्रिय दिलीप,

तुझं पत्र पोचलं. गुन्हे वाढले म्हणून तुरुंग भरले आणि तुरुंग भरले म्हणून नवे बांधा, हे तुझं त्रैराशिक वाचलं. पहिल्याच पायरीला अडखळलो, म्हणून लगेच लिहायला घेतलं.

एक हिशेब कर. रोज शंभर माणसं आत येतात आणि सरासरी तीस दिवस राहतात असं धर. तीन हजार जागा पुरतात. आता गुन्हा एकही वाढला नाही. नुसतं आरोपपत्र उशिरा आलं, साक्षीदार फिरकला नाही, कैद्याला कोर्टात न्यायला पोलीस मिळाले नाहीत आणि मुक्काम साठ दिवसांवर गेला. झाल्या सहा हजार जागा! आत किती आले हे आपण मोजतो, किती दिवस अडकले हे बघायचं राहून जातं.

जगभरच्या तुरुंगांत एक कोटीहून जास्त माणसं आहेत आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांवरचा गुन्हा अजून शाबित झालेला नाही. भारतात हे प्रमाण सुमारे तीन चतुर्थांश आहे. २०२२ अखेर आपल्या तुरुंगांची क्षमता होती ४,३६,२६६ आणि आत होते ५,७३,२२०. त्यांतले कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून निकाली लागलेला नाही असे, ४,३४,३०२. पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेव: शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरी तुरुंग जवळपास भरलेलेच असते.

त्याहून चीड आणणारी गोष्ट म्हणजे यातल्या काहींना जामीन मंजूर झालेला असतो. आदेश निघालेला असतो, पण हमीदार कुठून आणायचा? रोजंदारीवरच्या माणसासाठी सात-बारा घेऊन कोर्टात कोण उभं राहणार? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं, की जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला (गरिबांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेला) कळवावं, आणि हमीदार स्थानिकच हवा ही अट घालू नये. असं सांगावं लागलं, यातच सगळं आलं. १९७९ च्या हुसैनारा खातून खटल्यात तर असे कच्चे कैदी समोर आले होते, जे गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ आत होते.

तू म्हणशील, मग काय सगळ्यांना सोडायचं? नाही रे बाबा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं, कलम ४७९ बघ. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनाचा हक्क आहे, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळलेत. एकाहून जास्त खटले असतील तरीही ही सवलत नाही. ही अट मला फार कडक वाटते, कारण एकाच भानगडीतून दोन-तीन गुन्हे सहज नोंदवले जातात.

पैसा असला की प्रश्न सुटतो, असंही नाही. कॅलिफोर्नियात सुमारे ८०,००० क्षमतेच्या तुरुंगांत जवळपास दुप्पट माणसं कोंबली होती. कुठे ५४ जणांत एक संडास. उपचार वेळेवर न मिळाल्याने माणसं मरत होती. अखेर २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणायचा आदेश कायम केला. पाच विरुद्ध चार मतांनी, म्हणजे थोडक्यात वाचला.

फिनलंडने वेगळी वाट धरली. १९५० च्या सुमाराला तिथे कैद्यांचं प्रमाण शेजारी देशांच्या मानाने फारच जास्त होतं. त्यांनी चोरीच्या शिक्षा कमी केल्या, दंड आणि सशर्त शिक्षा (अटी पाळल्या तर तुरुंगात जावं लागत नाही अशी) यांचा वापर वाढवला. पुढच्या काही दशकांत हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं. गुन्ह्यांचा आलेख मात्र शेजाऱ्यांसारखाच राहिला.

ज्याने फिर्याद दिली त्याचं काय, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण खटला आठ वर्षं रेंगाळला तर त्याला तरी काय मिळतं? तोवर साक्षीदारांना धड आठवतही नाही. न्यायाधीशांची रिकामी पदं भरणं त्याच्याही फायद्याचं आहे.

जुन्या इमारती दुरुस्त करायलाच हव्यात, त्यावर आपलं भांडण नाही. नव्या बांधकामावर मात्र आहे. तुझ्या ओळखीच्या त्या फौजदारी वकिलाला एकदा विचार, जामीन होऊनही आत राहिलेले अशील त्याच्याकडे किती आहेत. तो काय सांगतो ते कळव, मग पुढे भांडू.

तुझा,
विनायक