पेटंटच्या कामाला एलएल.बी. आधी लागत नाही

संपादक महोदय,

जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या मुलांना पेटंटच्या क्षेत्रात जा, असे हल्ली बरेच जण सुचवतात आणि पाठोपाठ 'आधी एलएल.बी. करा' असेही सांगतात. ही घाई कशाला? पेटंट कार्यालयापुढे काम करायला पेटंट एजंटची नोंदणी पुरते. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी, वय २१ पूर्ण, भारतीय नागरिकत्व आणि परीक्षा. दोन लेखी पेपर व तोंडी; दोन्ही लेखी पेपरांत निदान ५० टक्के आणि सगळे मिळून ६०. वकिलीची सनद कोर्टात उभे राहायचे असेल तेव्हा लागते. गुजरातचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, पण ऑनलाइन. त्यामुळे वडोदरा सोडायचीही गरज नाही.

कायद्याचा पहिला पेपर अभ्यासाने निघतो. मुले अडकतात ती दुसऱ्यात, स्पेसिफिकेशन (शोधाचे सविस्तर वर्णन) आणि क्लेम (हक्क नेमका कशावर मागितला, ते सांगणारी वाक्ये) लिहिताना. समजा, वडोदऱ्याजवळच्या नंदेसरी औद्योगिक वसाहतीकडच्या सांडपाण्यातून कापडाचा रंग फोडणारा जिवाणू वेगळा काढला. तो निसर्गातलाच, म्हणून पेटंट कायद्याच्या कलम ३(सी) खाली त्याच्यावर पेटंट नाही. मग क्लेम प्रक्रियेवर घ्यावा लागतो. प्रयोग फक्त ३५ अंशांवर झालेला असताना २० ते ६० अंश लिहिले, तर पेटंट कार्यालयातला परीक्षक आधार मागणार. नुसते ३५ लिहिले, तर दुसरा कोणी ४० अंशांवर तेच करून निसटणार. म्हणून मसुद्याआधीच संशोधकाकडून दोन्ही टोकांचे प्रयोग करून घ्यायचे. विज्ञान शिकलेल्याचा उपयोग खरा इथे होतो. दोन जिवाणूंचे मिश्रण असेल तर नुसत्या मिश्रणाला पेटंट नाकारणारे कलम ३(ई) आडवे येते: प्रत्येकाचा वेगळा परिणाम आणि दोघांचा मिळून परिणाम, असे तिन्ही आकडे हवेत आणि एकत्र परिणाम बेरजेपेक्षा ठळकपणे जास्त हवा.

शब्दांत पुरता सांगता येत नाही आणि बाहेर मिळतही नाही असा जिवाणू अर्जाच्या तारखेपर्यंत चंदीगड किंवा पुण्याच्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करायचा. त्याचा क्रमांक, मूळ स्रोत आणि ठिकाण स्पेसिफिकेशनमध्ये द्यायचे. जिवाणू भारतातून घेतलेला असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची प्रक्रियाही पेटंट मंजूर होण्याआधी उरकावी लागते. ती शेवटी आठवली की फाइल तिथेच अडकते.

मात्र सर्वांत जास्त नुकसान पोस्टर आणि शोधनिबंधांनी होते. अर्जाआधी छापले की नावीन्य गेले. आधी जाहीर झालेल्या काही मोजक्या गोष्टी माफ करणारी कलम ३१ मधली १२ महिन्यांची सवलत फार अरुंद आहे, तिच्या भरवशावर राहू नये. (मार्गदर्शकांना निबंधाची घाई असते, हे समजते, पण प्रोव्हिजनल, म्हणजे तारीख राखून ठेवणाऱ्या प्राथमिक, अर्जाला काही दिवसच लागतात.) तो अर्जही दोन पानांचा नको. १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन देताना जे नव्याने घालाल, त्याला पहिली तारीख मिळत नाही.

तयारीसाठी महागडे वर्ग लावण्याआधी एक करावे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर मंजूर झालेल्या फाइली फुकट वाचता येतात. जैवतंत्रज्ञानाची एक निवडा, क्लेम झाका, वर्णन वाचून स्वतः क्लेम लिहा आणि मग ताडून पाहा. त्यानंतर परीक्षकाचे आक्षेप असलेला पहिला परीक्षण अहवाल आणि त्याला दिलेले उत्तर वाचा. कोणत्या आक्षेपावर कोणता क्लेम आखडता घ्यावा लागला, ते तिथेच दिसते.

– जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील एक पेटंट एजंट, दांडिया बाजार, वडोदरा