आमच्या धाकट्याला बोलतं केल्याबद्दल

प्रिय ताई,

तू माझ्यापेक्षा बरीच लहान, पण गावातली सगळी पोरं तुला ताई म्हणतात म्हणून मी पण ताईच म्हणतो. तू आणि तुझ्या मंडळातल्या पोरांनी माझ्या धाकट्या भावाला उदासीतनं वर यायला हात दिलात, त्याचे तोंडावर आभार मानायला गेलो की तू विषय बदलतेस, म्हणून हे उघड पत्र लिहायलोय. धाकट्याला विचारूनच लिहायलोय. पहिल्यांदा त्यानंच वाचलं, दोन ओळी काढायला लावल्या, त्या काढल्या.

आपल्या खानापूर-बेळगाव भागात पोरगा दहावी झाला की पहाटे उठून पळायला लागतो, हे कुणाला सांगायला नको. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, दर दोन घराआड कुणाचा तरी मामा नाहीतर काका फौजेत, भरती झाला की घराचं नाव होतं, लग्न ठरतं, उधारी फिटते. आमचा धाकटा पण तसाच पळायचा. मग कोरोना आला आणि 2020-21, 2021-22 अशी दोन वर्षं भरती अडकूनच पडली, पोरं नुसतीच पळत राहिली आणि वय पुढं जात राहिलं. जून 2022 ला फौजेच्या भरतीची नवी अग्निपथ योजना आली, वयाची अट साडेसतरा ते 21, त्या एका वर्षापुरती 23 केली म्हणून हा बसला, 1600 मीटर मारला पण, आणि मेडिकलमध्ये बाद झाला. पुढच्या वर्षी वयच संपलं. ज्याच्यासाठी चार-पाच वर्षं पहाटे उठला त्याचं दारच बंद झालं, आणि ते पण त्यानं काही चूक केली म्हणून नाही.

सुरुवातीला कुणालाच वेगळं काय वाटलं नाही, कायकी भरतीत पडलेली पोरं काही दिवस गप्पच असतात. पण हा गप्पच राहिला. माळ्यावर झोपायला लागला, झोपायला म्हंजे रात्रभर जागाच, दिवसा पडून, जेवण निम्मं ताटात, दोस्त हाक मारायला आले की आईला सांगायचा घरात नाही म्हण. बाबा चिडायचे, आई रडायची, मी उद्यमबागला फाउंड्रीत सेकंड शिफ्ट करून रात्री घरी यायचो तर तिघं तीन कोपऱ्यात. आई सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आली, कौल लावून घेतला, अंगारा आणला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं लग्न करून टाका.

तू आलीस ते गावच्या आशा वर्कर ताईंबरोबर, आणि पहिल्या दिवशी तू त्याच्याशी बोललीसच नाहीस. आईबरोबर परड्यात बसून शेंगा फोडलीस, भाताच्या रोपाचं विचारलंस, चहा घेतलीस आणि गेलीस. मला वाटलं झालं, ही पण बघून गेली. पण तू परत आलीस, आणि येताना तुमच्या ग्रुपमधला तो पोरगा घेऊन आलीस, जो स्वतः भरतीत दोनदा पडलाय आणि आता टेम्पो चालवतोय. त्याला माळ्यावर पाठवलंस आणि तू खालीच थांबलीस. ते दोघं वर काय बोलले मला माहीत नाही, विचारणार पण नाही. पण लई दिवसांनी वरनं आमच्या धाकट्याचा आवाज आला, रडका होता, पण आवाज होता. आई चुलीपुढं तशीच बसून राहिली.

ताई, तुम्हा पोरांचं हेच मला सगळ्यात मोठं वाटतं. आम्ही घरातली माणसं त्याला सांगायचो, अरे दुसरं काहीतरी कर, जग संपलं काय. तो टेम्पोवाला पोरगा असं काही सांगत बसला नाही, कायकी त्याला माहीत होतं तेव्हा कानात काय शिरतं आणि काय नाही. आमचा धाकटा डॉक्टरला सांगणार नव्हता, मला तर नाहीच नाही. आपल्याच वयाच्या, आपल्याच रस्त्यावर पळालेल्या पोराला सांगितलं.

आणि मग तू जे विचारलंस ते आमच्यातल्या कुणाच्यानं विचारवलं नसतं. सरळ विचारलंस, शांतपणे, की जिवाचं बरंवाईट करायचा विचार मनात येतो काय. मी दारात उभा होतो, माझ्या अंगाला घाम फुटला. मला भीती ही की असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल. तू नंतर मला बाजूला घेऊन सांगितलंस की तसं होत नाही, जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते, उलट कुणीतरी विचारलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. तो हो म्हणाला होता. त्याच संध्याकाळी तू बाबांना सांगून फवारणीचं औषध घरातनं हलवायला लावलंस, त्याला काही दिवस एकटं सोडायचं नाही म्हणून सांगितलंस, आणि 14416 नंबर आम्हा सगळ्यांच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिलास. टेलि मानस, केंद्र सरकारचं, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेलं, फुकट, रात्री-बेरात्री कधीपण. भाषा निवडायला मिळते हे ऐकून आईला धीर आला, तिला कन्नड फक्त बाजारापुरतं येतं. एका रात्री त्यानं स्वतःच लावला तो नंबर. मराठीत बोलला.

तू एक गोष्ट पहिल्यापासून साफ सांगितलीस, मी डॉक्टर नाही, मी फक्त डॉक्टरपर्यंत बरोबर येणार. आणि खरंच आलीस. मनोचैतन्य म्हणून कर्नाटक सरकारची योजना आहे, मंगळवारी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर बसतात, हे आम्हाला कुठं माहीत, त्या दवाखान्यात आम्ही ताप-खोकल्याला किती वेळा गेलोय. योजना चांगलीच आहे, पण ती तालुक्याला बसलीये आणि आमचा पोरगा माळ्यावर, मधला रस्ता कुणी चालायचा? तो तुम्ही पोरं चालता. आई सोबत यायची म्हणाली तर तिचं तिकीट पण नाही, जून 2023 पासनं शक्ती योजनेत बायकांना बस फुकट आहे, आधार कार्ड दाखवलं की झालं. डॉक्टर कन्नडमध्ये बोलले, तू मधे बसून आईला मराठीत सांगितलंस, आणि आत जायच्या आधी धाकट्याला विचारून घेतलंस की आईसमोर काय सांगायचं आणि काय नाही. त्याला ते लई लागलं मनाला, चांगल्या अर्थानं. नंतर मला म्हणाला, कुणीतरी मला विचारून केलं बघ.

बाबांची भीती वेगळी होती. कागदावर नाव लागलं की उद्या नोकरी नाही, सोयरीक नाही. तू त्यांना 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं सांगितलंस, त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क लिहिलाय म्हणून. बाबा कायद्यानं किती पटले माहीत नाही, पण तुमच्या पोरांतल्या एकानं पण आमच्या घरची गोष्ट बाहेर काढली नाही हे बघून पटले. गाव एवढंसं, सकाळी शिंकलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला माहीत, तिथं वीस-बावीस वर्षांची पोरं तोंड बंद ठेवतात.

गोळ्या सुरू झाल्या तेव्हा आठवडाभरात फरक नाही म्हणून घरात चलबिचल सुरू झाली. तू आधीच सांगून ठेवलं होतंस की फरक पडायला दोन-चार आठवडे जातात, बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तेव्हाच. आईनं विचारलं अंगारा बंद करू काय, तर म्हणालीस अंगारा राहू दे, गोळी चुकवू नको. आईचा तुझ्यावर विश्वास बसला तो तिथंच.

आणि मग ते रोजचं छोटं छोटं काम. सकाळी म्हशीला पाणी, मग दुकानापर्यंत जाऊन यायचं, मग रविवारी मंडळाच्या खोलीत तुमच्याबरोबर बसायचं, बोललं नाही तरी चालतंय. केलेलं वहीत लिहायचं. मला ते बारकं वाटायचं. तूच सांगितलंस की हे तू मनानं काढलेलं नाही, चोर्ला घाट उतरला की गोवा, तिथं संगाथ नावाची संस्था 1996 पासून आहे, साध्या माणसांना शिकवून त्यांच्याकडनं उदासीच्या पेशंटना असाच आधार द्यायचं काम ते करतात, आणि त्यावरचे अभ्यास 2010 आणि 2017 ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलेत. तिकडं आफ्रिकेत झिंबाब्वेमध्ये तर डॉक्टर डिक्सन चिबांडांनी 2006 पासून तिथल्या वस्तीतल्या आज्यांनाच तयार केलं, दवाखान्याच्या आवारात बाकावर बसून त्या लोकांचं ऐकून घेतात. हे ऐकून आई एकदम म्हणाली, मग मला जमंल की. तू हसली नाहीस. आता ती वरच्या गल्लीतल्या त्या काकूंकडं जाऊन बसते, ज्यांचे मालक गेल्या वर्षी वारले, आणि काही वेगळं दिसलं की तुला सांगते.

धाकटा आता बरा आहे असं मी ठासून सांगणार नाही. गोळ्या चालू आहेत, मधेच एखादा आठवडा परत जड जातो. पण माळ्यावरनं खाली आलाय, खानापुरात एका दुकानात कामाला लागलाय, आणि जड दिवस असला की स्वतः सांगतो, आज जड आहे. एवढं ऐकायला मिळावं म्हणून आम्ही काय काय केलं असतं.

काही लोक म्हणतात पोरांना काम नाही म्हणून हे उद्योग. त्यांना माझं सांगणं एवढंच, एक रविवार त्या खोलीत जाऊन बसा. शेजारच्या गावच्या कन्नड घरातल्या दोन पोरी येतात, वस्तीतली पोरं येतात, एसएसएलसीच्या, म्हंजे दहावीच्या, निकालानंतर घाबरलेली पोरं येतात, आणि कुणी कुणाला उपदेश करत नाही. कॉलेज, शेतातलं काम सगळं सांभाळून, पदरच्या पेट्रोलनं तुम्ही हे करता. ग्रामपंचायतीनं याला पैसे द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे, येत्या ग्रामसभेत मी उभा राहून मागणार आहे.

एक विचारायचं राहून जातंय. एवढं सगळं ऐकून तू घरी जातेस, तुझं कोण ऐकतं? आईनं हे मला लिहायलाच सांगितलंय. ती म्हणते, ताईला सांग, माझं घर तिचंच आहे, काम असू दे नसू दे, येऊन बसायचं.

आणि मंडळाच्या खोलीचं. गेल्या पावसात तुम्ही बादल्या ठेवून मीटिंग घेतलीत हे धाकट्यानं सांगितलंय. आपल्याकडचा पाऊस काय असतो हे माहीत आहे, जूनच्या आधी पत्रे बदलायला पाहिजेत. फाउंड्रीतल्या आमच्या दोस्तांनी हात लावायचं कबूल केलंय, पत्र्याचे पैसे आम्ही भाऊ मिळून घालतोय, त्याला नको म्हणू नको, धाकट्यानं पहिल्या पगारातले बाजूला काढून ठेवलेत. माप घ्यायला कुठल्या रविवारी येऊ तेवढं कळव.

तुझा,
एक मोठा भाऊ
खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव