घाट चढताना साखरही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीचा अत्यवस्थ मधुमेही रुग्ण आंबा घाटातून कोल्हापूरला हलवतात, सिंधुदुर्गातला गोव्यातल्या बांबोळीला. गाडीत ऑक्सिजन, बीपी, नाडी सगळं पाहिलं जातं. साखर मात्र राहून जाते. उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून निघताना नळीतून पोटात जाणारं अन्न थांबवतात, ते योग्यच. पण इन्सुलिनचा पंप त्याच वेगाने चालू राहिला तर घाटातच साखर ७० च्या खाली येऊ शकते. गुंगीतला रुग्ण घाम फुटल्याचं सांगणार कसा? अन्न थांबलं की इन्सुलिन कमी करावं किंवा डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन) जोडावं, आणि दर तासाला साखर पाहावी.

नातेवाईक विचारतात, "शुगर १६० आहे, नॉर्मल का नाही आणत?" अतिदक्षता विभागात साखर सतत १८० च्या वर राहिली तर इन्सुलिन सुरू करतात आणि ती १४० ते १८० मध्ये ठेवतात. २००९ च्या नाइस-शुगर अभ्यासात सहा हजारांवर रुग्ण होते. ८१ ते १०८ पर्यंत साखर उतरवलेल्या गटात २७.५ टक्के दगावले, १८० च्या आत ठेवलेल्या गटात २४.९ टक्के.

सर्वांत घातक चूक बाटलीची. आपल्याकडे इन्सुलिन ४० आणि १०० युनिट प्रति मिली, अशा दोन ताकदींत मिळतं. पंपाच्या सिरिंजसाठी ५० मिली सलाईनमध्ये ५० युनिट घालायला पहिल्यातून सव्वा मिली लागतं, दुसऱ्यातून अर्धा. बाटली न वाचता सव्वा मिली ओढलं की १२५ युनिट जातात, म्हणजे अडीचपट. सिरिंजवर युनिट, वेळ आणि सही हवीच.

बीपी पडलेल्या, हातापायाला सूज असलेल्या रुग्णाच्या बोटाच्या थेंबावर विसंबू नये. धमनीतली नळी असेल तर तिथलं रक्त घ्यावं. अंगात रक्त (हिमोग्लोबिन) कमी असलं तर ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो आणि उतरलेली साखर लपून राहते.

साखर ७० च्या खाली गेली तर इन्सुलिन बंद, शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात साखर किंवा शहाळ्याचं पाणी कृपा करून घालू नका, ते फुप्फुसात उतरतं.

रेफर चिठ्ठीवर शेवटची साखर व तिची वेळ, ताशी किती युनिट, अन्न कधी थांबवलं आणि पोटॅशियम किती, एवढं लिहून घेतल्याशिवाय गाडी सोडू नये.

– अतिदक्षता विभागातील परिचारिका, रत्नागिरी