‘हँडपेंटेड’ म्हणजे नेमके काय, ते पावतीवर लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

एस्तेर, रिबका, हागार, सारा अशा बायबलमधल्या स्त्रियांची अठराव्या शतकातली रोकोको (नाजूक, सजावटी) शैलीची चित्रे चर्चसाठी, शाळेच्या सभागृहासाठी किंवा घरच्या दिवाणखान्यासाठी करून घेणारे लोक नागपुरात आहेत. बाजारात मात्र ‘हँडपेंटेड’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. एक, कॅनव्हासवरची निव्वळ छपाई. दोन, छपाईवर पारदर्शक जेलचा ब्रश फिरवून आणलेला उठाव. तीन, कोऱ्या कॅनव्हासवर पहिल्या रेषेपासून तैलरंगात केलेली प्रत. तिन्ही खुशाल विकाव्यात, पण प्रत्येकीचे नाव वेगळे असावे. दुकानदाराने पावतीवर प्रकार लिहावा आणि तो लिहून मिळाल्याशिवाय गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम देऊ नये, एवढीच आमची मागणी आहे.

ओळखायला फार साधने लागत नाहीत. दहापट मोठे दाखवणारे घड्याळजीचे भिंग गालावर धरा. छपाई असेल तर निळसर, किरमिजी, पिवळे बारीक ठिपके दिसतात. जेलचे फटकारे नाक, ओठ, कापडाच्या चुण्या न जुमानता आडवेतिडवे गेलेले असतात. खऱ्या प्रतीत ब्रश चुणीच्या वळणाबरोबर वळतो. मागून टॉर्च लावला की रंगवलेल्या कॅनव्हासमधून उजेड कमीजास्त येतो, कारण पांढऱ्याचे जाड थर त्याला अडवतात आणि पातळ सावल्या येऊ देतात. छपाईत तो बहुतेक सगळीकडे सारखाच झिरपतो.

रोकोकोच्या बाबतीत हा फरक जास्त जाणवतो, कारण या चित्रांतली त्वचा रंगाच्या थरांनी बनते. व्हेनिसच्या रोकोको चित्रकारांची जमीन, म्हणजे चित्राखालचा रंगाचा पहिला थर, बहुधा तांबूस-तपकिरी असे. तिच्यावर पांढरा अर्धपारदर्शक घासून लावला की खालचा गडदपणा निळसर करडा होऊन वर येतो, आणि गळ्याजवळच्या, कानशिलावरच्या थंड सावल्या तयार होतात. पांढऱ्या कॅनव्हासवर गुलाबी रंग कालवून थेट लावला, तर चेहरा प्लॅस्टिकचा दिसतो. आजचा टायटॅनियम व्हाइट जुन्या शिशाच्या पांढऱ्यापेक्षा थंड आणि जास्त झाकणारा आहे. त्यात चिमूटभर पिवळी माती न मिसळल्यास त्वचा खडूसारखी होते. प्रशियन ब्ल्यू हा निळा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच बर्लिनमध्ये सापडलेला, म्हणजे या चित्रांना शोभणारा. पण तो इतका जोरकस असतो की वाटाण्याएवढ्या पांढऱ्याला सुईच्या टोकावरचा पुरतो. अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल उन्हाने उडतो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन लाल घ्यावा.

चेहऱ्यात केलेली ‘सुधारणा’ तर चित्राचा अर्थच घालवते. फ्रेंच चित्रकार झाँ-फ्रान्स्वा द त्रॉयने पॅरिसच्या गोबलँ कारखान्याच्या विणलेल्या भित्तिपटांसाठी एस्तेरची मालिका रंगवली. त्यातले १७३७ चे मूर्च्छित एस्तेरचे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. न बोलावता राजापुढे जाणाऱ्याला मृत्युदंड होता, त्या भीतीने ती कोसळते आहे. तिचे गाल गुलाबी केले की ती झोपाळलेली वाटते. इटलीतल्या उदिने शहरात पॅट्रिआर्कच्या (वरिष्ठ बिशपच्या) राजवाड्यात १७२६ ते १७२९ मध्ये व्हेनिसच्या तिएपोलोने केलेली सारा म्हातारी, सुरकुतलेली आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात ती नव्वदीची आहे आणि चित्रात देवदूत तिला मुलाची वार्ता सांगायला आला आहे. तिला तरुण केले की देवदूताच्या येण्याला अर्थच उरत नाही. शिवाय ते भित्तिचित्र आहे, म्हणून त्याची तैलप्रत पांढऱ्या जमिनीवर करून मॅट ठेवावी. चकाकते व्हार्निश तिथे चूकच.

विषय ठरवतानाही चौकशी करा. एस्तेरची मूर्च्छा, यहूदीथ आणि सुसान्ना हे प्रसंग कॅथलिक बायबलमध्ये आहेत, प्रॉटेस्टंट मंडळींच्या नेहमीच्या मराठी बायबलमध्ये नाहीत. चर्चच्या समितीने हे आधी बघितलेले बरे. चित्रकाराला नमुन्याचा फोटो संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचाच द्यावा. द त्रॉयचे कच्चे चित्र, मोठे चित्र आणि त्यावरून विणलेला भित्तिपट या तिन्हींचे फोटो एकमेकांच्या नावाने फिरतात, आणि भित्तिपटाचे रंग तर विटलेले असतात. मापाचेही तसेच. मूळ चित्र ३ : ४ प्रमाणाचे असेल तर ३६ इंच लांबीला २७ इंच रुंदी लागते. तयार फ्रेम २४ × ३६ ची आहे म्हणून चित्र तिच्यात बसवले, की तीन इंच कापले जातात आणि कडेची दासी अर्धी होते.

आता आपल्या हवेबद्दल. मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी उष्णता, त्यातच खोलीत कूलरची ओल, आणि जुलैत सगळेच दमट. प्राण्यांच्या सरसाने बांधलेला कॅनव्हास या फेऱ्यात ताणतो, ढिला पडतो, सरसाला बुरशी येते आणि वरचा रंग तडकतो. त्याऐवजी लिनन कॅनव्हासला पीव्हीए या कृत्रिम गोंदाचा हात, मग ॲक्रिलिक प्रायमरचे दोन-तीन हात आणि वर रंगीत जमीन, हे इथे टिकते. स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, मुरलेल्या सागवानाचा असावा, वाळवीच्या दृष्टीनेही तोच बरा. प्रत्येक कोपऱ्यात दोन अशा आठ पाचरी हव्यात, म्हणजे कॅनव्हास पुन्हा ताणता येतो. तीन फुटांपुढे मधली आडवी पट्टी लागतेच. फ्रेमला चारही बाजूंनी खिळे ठोकून पक्का केलेला कॅनव्हास घेऊ नका.

तेलाबद्दल विदर्भात एक चूक सर्रास होते. जवस आपल्या घरचे, म्हणून घाण्याचे खाद्यतेल रंगात घालतात. ते शुद्ध केलेले नसते, म्हणून उशिरा वाळते आणि पिवळे पडते. हार्डवेअरच्या दुकानातले ‘डबल बॉइल्ड’ तर आणखी काळवंडते. चित्रकलेसाठीचे रिफाइंड जवसतेलच वापरावे, खालच्या थरांत कमी आणि वरच्या थरांत जास्त. उलट केले तर खालचा थर नंतर हलतो आणि वरचा फाटतो. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो, पाण्यासारखा उडून जात नाही. त्यामुळे कूलरसमोर ठेवल्याने तो लवकर वाळत नाही, धूळ तेवढी चिकटते. चार आकृत्यांच्या चित्राला आठ-दहा आठवडे सहज लागतात. आठवड्यात प्रत देतो म्हणणाऱ्याला थर कधी वाळवणार ते विचारा.

प्रतीच्या मागे मूळ चित्रकार, मूळ संग्रहालय, प्रत करणाऱ्याचे नाव आणि वर्ष लिहिलेले असावे. पुढे मूळ सही उतरवू नये. लूव्रमध्ये बसून प्रत करणाऱ्यांनाही मूळ मापाची प्रत करता येत नाही आणि सही उतरवता येत नाही.

घरी आणल्यावर उन्हाने तापणारी पश्चिमेची भिंत टाळा, मागे बुचाचे तुकडे लावून अर्धा इंच हवा खेळू द्या, पुढे काच लावू नका. शेवटचे व्हार्निश सहा महिने ते वर्षभराने द्यायचे असते, तोवर रीटच व्हार्निशचा हलका, तात्पुरता हात पुरतो. घाईने दिलेले व्हार्निश पावसाळ्यात चिकट होते. म्हणून शेवटच्या व्हार्निशसाठीच्या या दुसऱ्या फेरीची जबाबदारी आणि तिचा खर्च कोणाचा, हेही त्याच पावतीवर लिहून घ्या.

आपले,
तैलचित्रांच्या प्रती करणारे काही चित्रकार, नागपूर