साउथ क्वीन्सफेरीहून आईचं पत्र

चि. चिऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू "कधी येताय?" विचारलंस आणि मी विषय बदलून लोणच्याच्या बरणीवर घसरले, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. मावशी शेजारीच बसली होती गं. म्हणून आता सगळी निजल्यावर लिहायला बसलेय. निजल्यावर म्हणजे रात्रीचे साडेदहा, पण बाहेर अजून लख्ख संधिप्रकाश आहे. इथे स्कॉटलंडमध्ये जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमाराला मावळतो. तुझे बाबा रोज पडदे ओढून, वर डोळ्यांवर पंचा टाकून झोपतात.

लंडनचं आधी उरकते. हॅरोला बाबांच्या कॉलेजमधल्या मित्राकडे राहिलो. त्यांच्या घरी अजून दर गुरुवारी साबुदाण्याची खिचडी असते आणि तीही अशी मोकळी की मी मुकाट्याने कृती लिहून घेतली. त्यांनी आम्हाला किंग हेन्रीज रोडवरचं बाबासाहेबांचं घर दाखवलं. १९२१-२२ साली शिकत असताना ते तिथे राहत होते, आणि २०१५ साली आपल्या सरकारने ते विकत घेतलं. दारावरची निळी पाटी वाचताना बाबा एकदम गप्प झाले. बाकी राजवाडा, पहारा, थेम्सवरची बोट असं सगळं रीतसर झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत मात्र राजे-राण्यांकडे ढुंकूनही न बघता हे तडक रॉबर्ट स्टीफन्सनच्या थडग्यापाशी गेले आणि टोपी काढून उभे राहिले. आपल्या जीआयपी रेल्वेचा, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेचा, सल्लागार इंजिनिअर हाच, म्हणे. शेजारची गोरी बाई ह्यांच्याकडे बघायला लागली, तेव्हा मी दोन पावलं लांब जाऊन उभी राहिले.

मग यॉर्कचं रेल्वे म्युझियम. तिथे 'मॅलर्ड' नावाचं निळं इंजिन आहे. १९३८ साली ताशी १२६ मैल धावलं, आणि वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. प्रवेश फुकट, त्यामुळे वेळेला धरबंद नाही! मी एका बाकावर बसून अर्धा स्वेटर विणून काढला.

आता इथलं. मावशीच्या बैठकीच्या खिडकीतून फोर्थ नदीच्या मुखावरचे तिन्ही पूल एका ओळीत दिसतात. रेल्वेचा तांबडा पूल १८९० चा, रस्त्याचा १९६४ चा आणि नवा २०१७ चा. बाबांच्या लेखी पूल एकच. सकाळचा चहा ते खिडकीत उभं राहून घेतात आणि वरून गाडी गेली की घड्याळ बघतात. पूल-विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? तरी खरं सांगते, ह्या वेळी मलाही तो आवडला. आपल्याकडे पूल म्हणजे खांबावर टाकलेले गर्डर. इथे खाडीत तीन अजस्र सांगाडे उभे केलेत, आणि ते दोन्हीकडे हात पसरून मधला भाग तोलून धरतात. दोन खांबांमध्ये अर्धा किलोमीटरहून जास्त अंतर. एवढा धिप्पाड का, तर त्याच्या आधी डंडीजवळ टे नदीवर बांधलेला पूल १८७९ च्या डिसेंबरात वादळात कोसळला, वरची गाडी पाण्यात गेली आणि एकही माणूस वाचला नाही. त्याच इंजिनिअरकडे फोर्थच्या पुलाचं कामही होतं, ते काढून घेतलं आणि नव्या माणसांनी लोकांचा विश्वास बसेल असा हा पूल बांधला. आम्ही डंडीलाही जाऊन आलो. जुन्या खांबांची थोटकं नव्या पुलाच्या बाजूने अजून दिसतात. बुडालेलं इंजिन बाहेर काढून, दुरुस्त करून पुन्हा वर्षानुवर्षं वापरलं आणि लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'पाणबुड्या'. ह्या स्कॉटिश लोकांना आपल्या कोकणातच जन्माला घालायला हवं होतं.

इथे गावात पूल बांधताना मेलेल्या कामगारांचं स्मारक आहे. स्थानिक लोकांनी कागदपत्रं धुंडाळून ७३ जण शोधून काढले. तिथून परत येताना बाबा म्हणाले, लोणावळ्याच्या भोर घाटात रूळ टाकताना हजारो माणसं गेली, पटकीने गेली, दरडीखाली गेली, एकाचं नाव सांग. मला काय सांगता येणार? मला फक्त ॲलिस ट्रेडवेल माहीत, तीही ह्यांनीच सांगितलेली. नवऱ्याने १८५९ साली घाटाचं कंत्राट घेतलं आणि थोड्याच दिवसांत तो वारला, तर हिने ते पुढे नेलं आणि १८६३ साली घाटातून गाडी गेली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. डॉक्टरकाकांची तब्येत फोनवर कळत होती त्याहून खूप उतरलीय. विसरण्याचा आजार आहे. मावशीने आम्हाला "थोडं विसरतात" एवढंच सांगितलं होतं. आम्ही दारात उभे, तर त्यांनी बाबांना नमस्कार केला आणि इंग्रजीत विचारलं, "आपलं कुणाकडे काम आहे?" ज्या माणसाने तुझ्या बारशाला ग्लासगोहून चांदीचा वाळा पाठवला, तो माणूस. मावशी हसून म्हणाली, "चष्मा नाहीये ना," आणि चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

पहिले दोन-तीन दिवस जड गेले. मग एका सकाळी पुलावरून गाडी गेली आणि काकांनी एकदम सुरू केलं, "पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल." ओळीने, न चुकता. बाबांची लोणावळ्याला बदली झाली होती तेव्हा काका-मावशी सुट्टीवर आले होते, आणि बाबांनी काकांना ट्रॉलीवरून घाट दाखवला होता. (ते नियमात बसत होतं का, हे बाबांना विचारू नकोस.) सकाळी काय खाल्लं ते काकांना आठवत नाही, पण बोगद्यात डोक्यावर पडलेलं गार पाणी आठवतं.

त्या दिवसापासून बाबांना काम मिळालंय. काल तर कहर झाला. ह्या पुलाचा एक जुना फोटो आहे. दोन माणसं खुर्च्यांवर हात पसरून बसलीत, हातांना काठ्यांचे टेकू, बाहेरच्या बाजूंना विटांचं वजन, आणि मधल्या फळीवर वातानाबे नावाचा एक जपानी इंजिनिअर मजेत बसलाय. पूल भार कसा पेलतो ते लोकांना समजावं म्हणून तेव्हा असं करून दाखवलं होतं. बाबांना तेच करायचं होतं! मावशीच्या दोन खुर्च्या, दोन मॉपचे दांडे, दोन छत्र्या, विटांच्या जागी आमच्या बॅगा आणि वातानाबेच्या जागी दहा किलो बासमती. एका खुर्चीवर हे, दुसरीवर काका. मी आणि मावशीने तांदळाची पिशवी फळीवर ठेवली मात्र, काकांचे हात थरथरायला लागले आणि ते मराठीत ओरडले, "अहो, बँकर लावा, बँकर!" (घाटात गाडीला मागून रेटायला लावतात ते जादा इंजिन.) मावशी इतकी हसली की तिला खुर्ची धरून खाली बसावं लागलं. नंतर ओट्यापाशी भांडी पुसता पुसता रडली, पण ते तुझ्यापुरतं ठेव.

तर आम्ही तिकीट पुढे ढकललंय. त्यांचा मुलगा कॅनडाहून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतोय, तोवर इथेच राहणार. व्हिसा सहा महिन्यांचा आहे, त्याची काळजी नको. मावशीला दुपारी दोन तास बाहेर जाता येतं, वाचनालयात बसता येतं, एवढ्यानेही तिच्या चेहऱ्यात फरक पडलाय. होस्टेलवर माझ्या टायफॉइडमध्ये हिने रात्री जागवल्या होत्या, पण ते काही मी तिला बोलून दाखवणार नाही, तीही चिडेल. स्काय बेट आणि ग्लेनफिननचा रेल्वे-पूल, दोन्हींचा बेत रद्द केला. बाबांनी हूं की चूं केलं नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

तुझ्यासाठी कामं: दूध बंदच ठेव. विजेचं बिल माझ्या नावावर येतं, ते ह्या महिन्यात भर. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या जुलैअखेर संपतील. इथल्या डॉक्टरांना दाखवायला बाबांची जुनी चिठ्ठी देवघराच्या खालच्या खणात आहे, तिचा नीट फोटो काढून पाठव, मागची बाजूसुद्धा. गणपतीला आम्ही नसू. दीड दिवसाचाच बसवा, पण बसवा. जावईबापूंना आरत्या येतात, तू उगाच मोबाइलवर लावू नकोस. उकडीची पिठी गेल्या वर्षीच्या दुकानातूनच आण.

आणि फोन केलास की आधी काकांशी बोल. "मी चिऊ" म्हणू नकोस, त्यांना आठवलं नाही की ते कानकोंडे होतात. सरळ विचार, कर्जतनंतर कुठलं स्टेशन येतं.

तुझी,
आई