तात्यांच्या पानशेतच्या आठवणी

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत मी फोन केला नाही, याचे तुला वाईट वाटले असेल. घरच्या संगणकावर विंडोज ११ टाकताना तात्यांनी सांगितलेल्या पानशेतच्या पुराच्या आठवणी माझ्या हातून पुसल्या गेल्या, आणि ज्या कामासाठी आपण तिघे २००३ साली पावसाळाभर दर रविवारी बसलो होतो, ते असे गेले हे तुला कोणत्या तोंडाने सांगावे, ते मला समजत नव्हते.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबरला थांबणार होती. आहे त्याच प्रणालीवर अपग्रेड केले असते, तर फाइली जागच्या जागी राहिल्या असत्या. पण संगणक फार मंद झाला होता, म्हणून जुनी प्रणाली काढून सर्व नव्याने बसवावे असे मी ठरवले. प्रणाली सी ड्राइव्हवर आणि आपले लेखन डी ड्राइव्हवर, एवढेच मी धरून चाललो होतो. इन्स्टॉलेशनच्या पडद्यावर ही अक्षरे नसतात, नुसते पार्टिशनचे, म्हणजे डिस्कच्या भागांचे, क्रमांक आणि आकार असतात. मोठे पार्टिशन प्रणालीचे असणार, असे समजून मी तेच फॉरमॅट केले आणि नवी प्रणाली त्यावर बसवली. ते नेमके लेखनाचे निघाले. बॅकअप नव्हता. तपकीर गल्लीतून बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणायचे मी तीन वर्षे लांबणीवर टाकले होते.

चूक लक्षात येताच संगणक बंद करायला हवा होता. साध्या हार्ड डिस्कवर क्विक फॉरमॅट केले, तर मजकूर लगेच नाहीसा होत नाही. कोणती फाइल कुठे आहे याची यादी तेवढी नवी होते, आणि त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असतो. मी मात्र दोन दिवस अपडेट्स उतरवत राहिलो, फाइली परत मिळवण्याचे सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर टाकले, आणि तात्यांची काही पाने त्याखाली कायमची गाडली गेली.

पुढे सदाशिव पेठेतल्या एका जाणकार गृहस्थांनी डिस्क काढून घेतली आणि फोटोरेक हा प्रोग्राम चालवला. फाइलीच्या आरंभीच्या खुणांवरून तो फाइल ओळखतो. तिचे नाव आणि फोल्डर मात्र त्याला कळत नाही. त्यामुळे नुसते आकडे नाव म्हणून धारण केलेल्या हजारो फाइली माझ्या हाती आल्या. रात्री जेवणानंतर एकेक उघडून पाहत होतो. फोटो बरेचसे मिळाले. वर्डच्या काही फाइलींत मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची नुसती खिचडी दिसली, आणि त्या बिघडल्या आहेत असे समजून मी त्या टाकून देणार होतो. मग आठवले, की आपण श्री-लिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केले होते. त्या काळच्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. युनिकोडसारखा अक्षराचा स्वतःचा क्रमांक नसे. नव्या प्रणालीत तो फाँट नव्हता. कपाटात जुनी सीडी सापडली, फाँट बसवला, आणि पडद्यावर तात्यांचे पहिले वाक्य उमटले. शरद, त्या वेळी मला रडू आवरले नाही.

चौतीस पानांपैकी तेवीस मिळाली. १२ जुलै १९६१ ची सकाळ, पानशेत फुटल्याची आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेल्याची बातमी, नारायण पेठेतल्या वाड्यात चढत गेलेले पाणी, शेजारच्या आजींना पाठीवर घेऊन माळ्यावर नेले तो प्रसंग, हे सारे शाबूत आहे. पूर ओसरल्यानंतरची पाने नाहीत. घरातला चिखल, भिजून आंबलेले धान्य आणि मुख्य म्हणजे वाड्यातली बारा कुटुंबे त्यानंतर कुठे कुठे पांगली, याची तात्यांनी नावनिशीवार सांगितलेली यादी त्यांतच होती. तात्या गेले, आईही गेली. आता ती यादी सांगणारे कोणी उरलेले नाही.

म्हणून विचारतो. तात्या सांगत तेव्हा तू निळ्या पुठ्ठ्याच्या दोन वह्यांत लिहून घ्यायचास आणि मी नंतर त्यावरून टाइप करायचो. त्या वह्या तुझ्याकडेच राहिल्या होत्या. नाशिकला घर बदलताना त्या तू नेल्या असशील, तर माळ्यावर एकदा नीट पाहशील का? कुरिअरने मात्र पाठवू नकोस. तू कळवताच मी स्वतः येईन आणि तिथे बसूनच उतरवून घेईन. पाने ओली झाली असली किंवा शाई पसरली असली, तरी टाकून देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक